हलव्याच्या हारातले अध्यक्ष

पुणे, ६ ऑक्टोबर १९९७

चि. निरुपमा हिस विश्वंभरकाकाचे आशीर्वाद.

मुग्धाच्या घरी सुखरूप पोचलो. मोडलेल्या मांडीच्या हाडात सळई बसवून झाली आहे. डॉक्टर म्हणतो, फेब्रुवारीपर्यंत बडोद्याचे नाव काढू नका. हा डॉक्टर माझ्या छत्रीपेक्षा वयाने लहान आहे, पण जरब दिवाणासारखी. लेकीचे घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीची लिफ्ट मला वर पोचवून बंद पडली, त्यामुळे तूर्त मी आणि कावळे अशी आमची सोबत आहे.

आता कामाचे. आपल्या लोकमहाविद्यालयाला सरकारने पाच वर्षांची योजना मागितली आहे. ती ३१ जानेवारीच्या आत गेली नाही तर अनुदान बंद, आणि अनुदान बंद म्हणजे जूनमध्ये दाराला कुलूप, हे तुला प्राचार्य म्हणून माहीत आहेच. यंदा एक नवे खूळ निघाले आहे. योजना म्हणे एकट्या अध्यक्षाने करायची नाही. विश्वस्त, शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी अशा सर्वांनी बसून ठरवायची. लग्नाची पंगत आणि संस्थेचा कारभार यात फरक असतो, हे दिल्लीला कोणी सांगावे?

तू काळजी करू नकोस. योजना मी तयार केलेलीच आहे. मागची कार्यशाळा पाडायची आणि तिथे तुझ्या आजोबांच्या नावाचे सभागृह बांधायचे. गोरव्याच्या कारखान्यांतले कामगार संध्याकाळी जे लेथ फिरवतात ते आता जुने झाले आहेत. तू समिती नेम, चहा दे, आणि संमती घे.

माझ्या खुर्चीवर कोणालाही बसू देऊ नये. फोन करू नकोस. फोनवर माणूस आधी उत्तर देतो आणि मग विचार करतो.

तुझा,
काका

---

बडोदे, २२ ऑक्टोबर १९९७

ती. काकांना निरुपमाचा नमस्कार.

पायाची बातमी वाचून बरं वाटलं, डॉक्टरची वाचून जास्त.

समिती नेमली. विश्वस्तांतर्फे प्रतापसिंहराव. शिक्षकांतर्फे मधुवंती, संगणकाचा वर्ग घेणारी. तिच्याकडे सध्या दोनच संगणक आहेत आणि त्यातला एक खोलीतली शोभा म्हणून आहे. विद्यार्थ्यांतर्फे गुणवंत. त्याला विद्यार्थी म्हणताना मला संकोच होतो, कारण त्याची मुलगी यंदा दहावीला आहे. दिवसा गोरव्याच्या एका कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी आपल्याकडे. कर्मचाऱ्यांतर्फे येसूबाई. ती म्हणाली, "मला मीटिंगमध्ये बसवलंत तर चहा कोण करणार?" मग असं ठरलं की चहा आधी करून ठेवायचा आणि सगळ्यांनी गार प्यायचा.

पहिली बैठक काल झाली. म्हणजे झाली नाही. सगळे वेळेवर आले, बसले, खारी खाल्ली. मग प्रतापसिंहराव म्हणाले, अध्यक्षांनी "सुरुवात करावी" असं म्हटल्याशिवाय या संस्थेत कधी बैठक सुरू झालेली नाही, तुमच्या आजोबांपासूनचा हा रिवाज आहे. मी म्हटलं, अध्यक्ष पुण्यात आहेत. ते म्हणाले, मग थांबू. आम्ही थांबलो. गुणवंतनं खारीची दुसरी बशी संपवली. अंधार पडल्यावर प्रतापसिंहरावांनी बैठक न झाल्याबद्दल सर्वांचे आभार मानले आणि आम्ही घरी गेलो.

काका, तुमच्या जागी कोणाला तरी काम चालवायला सांगा. एक ओळ पुरे.

तुमची,
निरुपमा

---

पुणे, ३ नोव्हेंबर १९९७

चि. निरुपमा हिस आशीर्वाद.

प्रतापसिंहरावाचे मला कौतुक वाटले. चाळीस वर्षे तो माझ्याशी भांडतो आहे, पण रिवाज सोडून एकदाही भांडला नाही.

माझ्या जागी कोणी नको. तोडगा सोपा आहे. कचेरीत माझा एकसष्ट सालचा फोटो आहे, पगडीतला. तो खुर्चीवर ठेवावा. "सुरुवात करावी" हे तू माझ्या वतीने म्हणावेस. सोबत माझी मते लिहून पाठवीत आहे. कोणी काही बोलला की त्यातले योग्य ते मत वाचून दाखवावे. कोणी काहीही बोलला तरी चालेल असे एक मत शेवटी घातले आहे.

इथली हकीकत ऐक. या इमारतीची एक सोसायटी आहे आणि तिचे एक अध्यक्ष आहेत. गृहस्थाने वर्गणीतून फाटकावर वडिलांच्या नावाची कमान उभारायचे मनात घेतले आहे. लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यावर मोडक्या मांडीचा माणूस, आणि याला कमान. मी सिद्धार्थरावांबरोबर चिठ्ठी पाठवली. जावईबापू तसे भिडस्त, पण देऊन आले. उत्तर आले की आपण सभासद नाही, सबब आपले म्हणणे विचारात घेता येत नाही. माणूस इतका हेकट कसा असू शकतो, याचा मी दिवसभर विचार करीत असतो. बाहेर जाता येत नसल्यामुळे वेळही आहे.

तुझा,
काका

---

बडोदे, २५ नोव्हेंबर १९९७

ती. काकांना नमस्कार.

कमान कोणाच्या नावाची म्हणालात? वडिलांच्या? बरं. आजोबांच्या असती तर मला जास्त ओळखीची वाटली असती.

रागावू नका. बैठकीचं सांगते. खुर्चीवर फोटो ठेवला. त्यात तुम्ही इतके रागावलेले दिसता की येसूबाईनं डोक्यावर पदर घेतला. मी "सुरुवात करावी" म्हटलं आणि प्रतापसिंहरावांनी फोटोला मुजरा केला. मग सगळ्यांना फोटोकडे तोंड करूनच बोलावं लागलं.

मधुवंतीला कार्यशाळेची खोली संगणकांसाठी हवी आहे. गुणवंतला ती लेथसाठीच हवी आहे आणि शिवाय वर्ग एक तास उशिरा सुरू व्हायला हवेत, कारण कारखान्यांनी पाळ्या बदलल्या आहेत. मी तुमचं मत क्रमांक चार वाचलं, की वेळ पाळणं ही शिस्त आहे. तो फोटोला हात जोडून म्हणाला, "काकासाहेब, तमे तो पूनामां छो. साडेसहाला मशीन सोडतो, सहाच्या वर्गाला कसा येऊ?" फोटो काही बोलला नाही. त्याच्या कारखान्यात आता संगणकावर चालणारा लेथ आला आहे. मी म्हटलं, मग मधुवंतीचं आणि तुझं म्हणणं एकच नाही का? दोघंही एका सुरात नाही म्हणाले. तेवढंच एक एकमत झालं.

येसूबाईला बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी हवी आहे. शिवणवर्गाच्या पोरी जोडीनं जातात, एक आत आणि एक दार धरून बाहेर. काका, हे मला माहीत नव्हतं. मी प्राचार्य आहे आणि मला हे माहीत नव्हतं. त्यावर तुमचं मत शोधलं तर यादीत सापडलं नाही, म्हणून शेवटचं वाचलं, कोणी काहीही बोलला तरी चालेल असं. त्यात सभागृहाचं महत्त्व होतं.

प्रतापसिंहराव सभागृहाविरुद्ध आहेत. कारण विचारलं तर म्हणाले, विश्वंभर त्याच्या बाजूनं आहे हे पुरेसं आहे.

तारीख जवळ येते आहे. मला खरंच भीती वाटते. वीस वर्षं या संस्थेत काढलीत मी. जूनमध्ये कुलूप लावायचं ते मलाच लावावं लागेल.

तुमची,
निरुपमा

---

पुणे, ८ डिसेंबर १९९७

चि. निरुपमा हिस आशीर्वाद.

कडी बसवून घे, त्याला योजना कशाला लागते? बाकी सर्व जसेच्या तसे. सभागृह होणार. भीती वाटत असेल तर माझे मत क्रमांक एक पुन्हा वाच.

इथे लिफ्ट तशीच आहे. कमानीचा खड्डा खणून झाला. खाली उतरून निदान त्या खड्ड्याकडे रागाने बघावे एवढीच इच्छा आहे.

तुझा,
काका

---

बडोदे, १७ जानेवारी १९९८

ती. काकांना निरुपमाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग मुद्दाम घालते आहे. पत्र बसून वाचा, आणि मुग्धाला जवळ बसवा.

डिसेंबरात दोन बैठका झाल्या, त्यात काही ठरलं नाही म्हणून लिहिलं नाही. फोटो तेव्हापासून खुर्चीवरच आहे. कचेरीतल्या देवांना उदबत्ती लावताना येसूबाई एक तुमच्यासमोरही लावायला लागली. तीन देव आणि एक अध्यक्ष, असं तिला बरं दिसतं म्हणे.

मग उत्तरायण आली. दोन दिवस सगळं बडोदं गच्चीवर. येसूबाईच्या नातीचं बोरन्हाण झालं, त्यातला हलव्याचा हार उरला होता. तो तिनं आणून तुमच्या फोटोला घातला. मी विचारलं तर म्हणाली, "काका घरचे. सणासुदीला मोकळा गळा बरा दिसतो का?" मलाही ते गोड वाटलं. पांढरा शुभ्र हार, पगडी, समोर उदबत्तीचा धूर. मी त्याच्याकडे परक्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

काल, न कळवता, योजनेचे अधिकारी गांधीनगरहून तपासणीला आले. समितीची बैठक होतीच. दोन दिवस पतंगांकडे बघून आमचे सगळ्यांचे डोळे लाल आणि पतंग कापला की "काप्यो छे" ओरडून घसे बसलेले. साहेब दारात आले, त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, आमच्या डोळ्यांकडे पाहिलं, पायातले बूट काढले आणि मान खाली घालून उभे राहिले. साहेब उभे म्हणून आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटं होईपर्यंत मला कळलंच नाही की आपण कशासाठी उभे आहोत. कळलं तेव्हा बोलता येईना, कारण शांतता पाळण्याच्या मध्येच कसं बोलणार?

शांतता संपल्यावर मी बसक्या आवाजात म्हटलं, साहेब, काका पुण्याला असतात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा बेन, वहेलामोडा बधाने जवानुं छे." म्हणजे आज ना उद्या सगळ्यांनाच जायचं आहे.

तरीही मी सांगितलंच असतं. पण तेवढ्यात प्रतापसिंहराव हुंदका देऊन रडले. ते नाताळापासून लेकीकडे सुरतेला होते, त्याच दिवशी परतले होते, आणि त्यांना ऐकू कमी येतं. त्यांना ते खरंच वाटलं, काका. पगडी काढून हातात घेतली आणि तुमच्या फोटोशी बोलायला लागले. मी शब्दशः देते, कारण हे तुम्हाला पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही. "विश्वंभर, चाळीस वर्षं मी तुला विरोध केला, कारण दुसरं कोणी करत नव्हतं. तुला सभागृह नको होतं रे. तुला माणसं हवी होती, समोर बसलेली. ती रोज संध्याकाळी कार्यशाळेत येतात. तू कधी मागे जाऊन पाहिलंच नाहीस."

त्या मोठ्या माणसाला रडताना मी कशी थांबवणार? साहेबांनी रुमाल पुढे केला आणि विचारलं, संस्थेसाठी त्यांची शेवटची इच्छा काय होती?

मग काय झालं ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही. गुणवंत म्हणाला, काकासाहेबांची इच्छा होती की कार्यशाळेच्या एका टोकाला संगणक बसावेत, नव्या लेथसाठी ते शिकायला लागतात. मधुवंतीनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हो, आणि बाकीची खोली लेथसाठीच राहावी असं ते नेहमी म्हणत. वर्ग सातला सुरू व्हावेत अशीही तुमची फार इच्छा होती म्हणे. येसूबाई म्हणाली, कडी त्यांनी मंजूर केलीच होती, पण अंगणात दिवाही हवा असं त्यांच्या मनात होतं. कोणी कोणाला खोडलं नाही. तुमच्या तोंडचं कोण खोडणार? तीन महिने जे होत नव्हतं ते चहा गार व्हायच्या आत झालं. साहेब सगळं लिहून घेऊन म्हणाले, इतक्या वर्षांत अशी सगळ्यांची मिळून योजना मी पाहिली नाही.

हे सगळं मला थांबवता आलं असतं, थोडं आधी. मी थांबवलं नाही. आज सकाळी साहेबांना फोन करून खरं सांगितलं. पण अध्यक्ष वारल्याचं त्यांनी आधीच वर कळवून टाकलं होतं.

आता तुम्ही बोलाल ते ऐकते.

तुमची,
निरुपमा

---

पुणे, २१ जानेवारी १९९८ (पोस्टकार्ड)

मी जिवंत आहे.

विश्वंभर

---

बडोदे, २३ जानेवारी १९९८

ती. काकांना नमस्कार.

तुमचं कार्ड समितीत वाचून दाखवलं. येसूबाईनं पेढे वाटले. प्रतापसिंहराव मात्र फार चिडले आहेत. म्हणतात, आपण रडलो ते त्यानं परत करावं. मग फोटोसमोर जे बोललात ते मागे घेता का असं मी विचारलं, तर म्हणाले, नाही, ते खरं आहे, फक्त त्याला कळायला नको होतं.

फोटो उतरवून पुन्हा भिंतीवर लावला आहे. हार मुंग्यांनी संपवला.

आता खरं संकट. साहेब म्हणतात, योजना उत्तम आहे आणि तीच चालेल, पण अध्यक्षांची सही हवी. आणि कागदोपत्री अध्यक्ष वारलेले असल्यामुळे ती सही राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झाली पाहिजे, हयातीच्या दाखल्यासकट, ३१ तारखेच्या आत. योजनेचा कागद सोबत कुरिअरनं पाठवते आहे. त्यात सभागृह नाही. मी चोरून घातलं नाही आणि तुम्हीही घालू नका, एक ओळ बदलली तरी सगळ्यांना पुन्हा बसावं लागेल, आणि तेवढे दिवस उरलेले नाहीत.

काका, तुम्हाला ही योजना मान्य नसेल तर कागद फाडून टाका. मी तुमच्यावर रागावणार नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? रागावेन. आयुष्यभर रागावेन. पण तुमची म्हणून सही करणार नाही. जिवंत माणसाच्या नावानं कारभार करायचा मला कंटाळा आला आहे.

तुमची,
निरुपमा

---

पुणे, २८ जानेवारी १९९८

चि. निरुपमा हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा कागद दोन दिवस उशाशी ठेवला. पहिल्या दिवशी फाडणार होतो. फाडला नाही, कारण मुग्धा समोर बसून राहिली होती. दुसऱ्या दिवशी तो वाचला. माझ्या शेवटच्या इच्छा मला पहिल्यांदाच कळल्या. बऱ्या आहेत. मला सुचल्या असत्या तर मीच त्या लिहिल्या असत्या.

मग अडचण खाली उतरण्याची. मोडक्या मांडीने चार मजले. राजपत्रित अधिकारी वर यायला तयार नाही. म्हणतो, हयातीचा दाखला हवा तर हयात माणसाने यावे. सिद्धार्थरावांनी सोसायटीच्या अध्यक्षांना विचारले. मी सांगितले होते विचारू नका. तर तो कमानवाला गृहस्थ स्वतः वर आला. माझ्यापेक्षा जाडच आहे. त्याने सगळा प्रकार ऐकला, शोकसभेसकट, आणि इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. मग त्याने प्रत्येक मजल्यावरची दारे वाजवली.

निरुपमा, मला चौघांनी उचलून खाली नेले. सभ्य स्थितीत, खुर्चीत बसवून. तिसऱ्या मजल्यावर तिसऱ्या मजल्याचे लोक आले, दुसऱ्यावर दुसऱ्याचे. प्रत्येक जण म्हणत होता की त्याची बाजू जड आहे. पहिल्या मजल्यावर एका बाईने वाद घातला की आधी लिफ्ट दुरुस्त का नाही झाली, आणि तिथेच जिन्यात, मी मध्ये अधांतरी असताना, त्यांनी मतदान घेतले. मतांत कमान पडली, लिफ्टची दुरुस्ती मंजूर झाली. कमानवाल्यानेही लिफ्टला मत दिले. त्याला माझ्या खुर्चीचा उजवा कोपरा धरून घाम फुटला होता.

मी सभासद नव्हतो, तरी त्यांनी माझेही मत विचारले. इतक्या वर्षांत कोणी मला मत विचारले नव्हते. मी सांगत होतो, लोक ऐकत होते, त्याला मी विचारणे समजत होतो.

सही केली. दाखलाही मिळाला, त्यात माझ्या डाव्या हातावर तीळ असल्याचे नमूद आहे. सिद्धार्थराव आजच्या गाडीने बडोद्याला येत आहेत, कागद त्यांच्याजवळ आहे. ते संकोची आहेत, त्यांना पोटभर वाढ.

एक गोष्ट लिहितो. माझ्यामागे या संस्थेचे काय होईल, ही काळजी मला बरीच वर्षे होती. रात्र रात्र झोप येत नसे. बहुतेक माणसांना आपल्यामागे काय होते ते पाहायला मिळत नाही. मला मिळाले. माझ्यामागे सगळे नीट झाले. मला फार बरे वाटले, आणि वाईटही वाटले, आणि दोन्ही खरे आहे.

प्रतापसिंहरावाला सांग की रडणे परत करता येत नाही, पण मी आलो की त्याने मला कार्यशाळेत घेऊन जावे. मी कधी मागे गेलो नाही, हे त्याचे खरे आहे.

माझी खुर्ची आता कचेरीत ठेवू नका. आल्यागेल्याला बसायला ती व्हरांड्यात बरी. मला बैठकीत बाकावर जागा ठेव, कडेची, पाय लांब करता येईल अशी. बैठक सुरू करायला माझी वाट पाहू नये.

तुझा,
काका

ता. क. पहिल्याच बैठकीत मी सभागृहाचा विषय काढणार आहे. माझे एकच मत पडेल हे मला माहीत आहे. ते मोजावे.